हिम म्हणजे त्याला

पहिल्या शुक्रवारी कॅम्पच्या मेसमध्ये
मारिसेल मॅडमने फळ्यावर तीन शब्द काढले.
आय, मी, माय.
मला हसू आलं.
संगमेश्वराकडे आमची आय ती आय,
आणि खालच्या कॉटवरचा हिंगोलीचा मारोती
त्याच्या आईला माय म्हणतो.
दोन आयांच्या मधे मी,
ह्यात शिकायचं ते काय?

मॅडम म्हणाल्या, नो.
आय करतो. मी-ला केलं जातं.
म्हणजे इंग्रजीत मी म्हटलं
की मला उचलून वाक्याच्या शेपटाला.
बारा वर्षं सोहारच्या ह्या यार्डात सांगत आलो,
मी गो, मी कम, मी नो प्रॉब्लेम.
फोरमन मला उचलून कुठेही का ठेवायचा
ते तेव्हा कळलं.

ही म्हणजे तो.
शी म्हणजे ती, नाक मुरडायचं नाही.
हिम म्हणजे त्याला.
मागच्या बाकावरून टेकबहादूर म्हणाला,
हिम आमच्या घरामागे असतं.
बाहेर सेहेचाळीस डिग्री.
टाकीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं.
अख्खा वर्ग मेसच्या मागच्या भिंतीकडे
बघत राहिला थोडा वेळ.

मॅडमही चुकतात.
आईचा फोटो दाखवून म्हणाल्या, ही इज सेव्हंटी,
आणि कपाळावर हात मारला.
त्यांच्या बोलीत तो आणि ती एकाच शब्दात राहतात.
मग वी आला. मी विचारलं, कुठला वी?
आम्ही, की आपण?
समोरच्याला आत घेऊन, की दाराबाहेर ठेवून?
मॅडमने मार्कर खाली ठेवला.
आमच्यातही दोन आहेत, म्हणाल्या.
तायो. कामी.
इंग्रजीत एकच.
गरीब भाषा, असं म्हणून
उगाच दाराकडे बघितलं.

जूनमध्ये पाइपांचा गठ्ठा झोका खाऊन आला.
सिग्नलला मी होतो. हात वर केला होता, थांब.
क्रेन थांबली नाही.
टेकबहादूरचा उजवा खांदा.

मराठीत कसंही म्हणा,
पाइप त्याला लागला, त्याला पाइप लागला,
लागला पाइप त्याला.
'ला' पाठीला चिकटलेला,
वाक्य उलटंपालटं करा, माणूस काही बदलत नाही.
सेफ्टीवाल्याच्या कागदावर मात्र होतं
ही हिट द लोड.
खाली टिंबं, साक्षीदार, सही.

बारा वर्षं टिंबं दिसली की सही केली.
ह्या वेळी वर वाचलं. चारच शब्द.
ही पुढे उभा. करणारा.
म्हणजे चूक हिज,
हॉस्पिटलचं बिल हिज,
पासपोर्ट तेवढा देअर्स.

मी ही खोडला.
लोड ओढून पुढे आणला, त्याला आणताना
खरोखरच्या लोडएवढा वेळ लागला.
शेवटी लिहिलं, हिम.
अक्षरं वाकडी आली.

टाइप मॅडमने केलं.
मंगळवारी साहेबाने आम्हा दोघांना एसीत उभं केलं.
हू चेंज्ड धिस?
तोंडात मी आला, तो गिळला.
आय शोधतोय, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या,
वी.

साहेबाला कळेना त्यात किती माणसं मावतात,
दोन, की सगळा कॅम्प.
गरीब भाषा.
मला कळलं.

वर्ग आता बंद आहे. मॅडमची बदली झाली, सलालाहला.
जाताना मार्कर हातात दिला, युअर्स म्हणाल्या.
तो सुकलाय, पण आहे.

टेकबहादूर डाव्या हाताने जेवतो.
परवा विचारत होता, नक्की लिहिलंस काय?
हिम, मी म्हणालो.
भात कालवत म्हणाला,
मग एव्हाना वितळलं असेल.